किमान पाच बालके

"नखं दाखवा बघू," मी म्हणाले आणि हवालदारांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

सहासष्ट वर्षांचे हात. मनगट माझ्या दुप्पट जाड. नखं मात्र अशी कापलेली की खोट काढायला जागा नव्हती. त्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या पोस्टमन गुलाबभाईंनी आपले हात पाठीमागे लपवले.

"गुलाब, हात पुढे कर."

"शाई लागलीय," गुलाबभाई म्हणाले. "शिक्के मारताना लागती. तिला काय घाण म्हणत न्हाईत."

"बालकाशी वाद घालू नका, शेवाळे," मागून सबनीस मॅडमचा आवाज आला. "बालकाला नळाकडे न्या."

मी पन्नाशीच्या पोस्टमनला बोटाला धरून नळाकडे नेलं, साबण लावून त्यांचे हात धुतले आणि माझ्याच पदराला पुसले. परत आले तर तातोबा शिपाई आणि आमच्या संस्थेच्या मुख्य निकम बाई, भिंतीकडेला कोण बसणार यावरून एकमेकांना कोपरानं ढकलत होते.

ही माझी परीक्षा चालली होती. गाव म्हसपेठ, साल अठ्ठ्याऐंशी, महिना एप्रिल.

निकम बाई दोन खोल्यांत बालवाडी शिक्षिकांचा वर्ग चालवायच्या. सकाळी पुढच्या खोलीत बालवाडी भरायची, दुपारी त्याच सतरंजीवर बसून आम्ही सात जणी बालसंगोपन शिकायचो. मार्चात बाकीच्या सहा जणींची पाठपरीक्षा झाली. मला नेमक्या तेव्हा कांजिण्या आल्या. बालवाडीतल्याच एका पोरीकडून घेतल्या होत्या. त्यामुळे माझ्या एकटीसाठी परीक्षक पुन्हा बोलवावे लागले. गावाला नवी अंगणवाडी मंजूर झाली होती आणि तिच्यावर माझं नाव धरलं होतं. अट एकच, एक मेच्या आत प्रमाणपत्र हातात पाहिजे.

त्याआधी मी नर्सिंगला गेले होते आणि तिथून तीन महिन्यांत पळून आले होते. आता हेही गेलं असतं तर भावाचं बोलणं खरं ठरलं असतं. तो चारचौघांत हसून म्हणायचा, "आमची द्रौपदा सुरुवात लई झकास करती."

सबनीस मॅडम सकाळच्या गाडीनं कोल्हापूरहून आल्या. पांढरी साडी, काळी बॅग आणि हातात थर्मास, कारण बाहेरगावचं पाणी त्यांना सोसत नसे. आदल्याच आठवड्यात आरोग्य केंद्राच्या नर्सबाई गावात पोरांना लस टोचून गेल्या होत्या. अर्धी पोरं त्या रात्री तापानं फणफणली होती. त्या नर्सबाईंचीही साडी पांढरीच होती आणि लस थर्मासमध्ये होती. मॅडम स्टँडवर उतरल्या आणि त्या शाळेपर्यंत पोचायच्या आत म्हसपेठेत सहा वर्षांखालचं एकही मूल दिसेनासं झालं.

निकम बाई दारोदार फिरून घामाघूम होऊन परत आल्या.

"एकही मिळत नाही हो," त्या म्हणाल्या. "मानेंच्या घरात कणगीतनं खोकला ऐकू आला. मी हाक मारली, तर कणगी गप्प झाली."

सबनीस मॅडमनी बॅगेतून नियमांची पुस्तिका काढली. उंच, सडपातळ बाई. बोलताना शब्दाला शब्द लागू द्यायच्या नाहीत.

"नियम सात. पाठाच्या वेळी किमान पाच बालके उपस्थित असावीत. पाच नसतील तर परीक्षा पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी?" मी म्हणाले.

"मॅडम, बावीस वर्षांत तुमच्यासारख्या परीक्षक…" निकम बाईंनी सुरुवात केली.

"बावीस वर्षांत मी एकदाही कोरा फॉर्म घेऊन परत गेलेले नाही," मॅडम म्हणाल्या. हे त्या अभिमानानं नाही, काळजीनं म्हणाल्या. मग पुस्तिका पुन्हा वाचायला लागल्या. बराच वेळ वाचत होत्या. "बालकाचं वय नियम सातमध्ये दिलेलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "ते नियम चारमध्ये आहे, पण तो प्रवेशाबाबत आहे. इथं कोणाला प्रवेश द्यायचा नाही."

निकम बाईंना कळायला क्षणभर लागलं. कळल्यावर मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. तातोबा घंटेपाशी बसले होते, ते पहिले. गुलाबभाई संस्थेचं रजिस्टर पत्र घेऊन आले, त्यांना सहीसाठी आत बोलावलं आणि मागून कडी लावली. कोंडाबाई भाजीची पाटी घेऊन रोजच्यासारख्या दारात आल्या, त्यांना पाटीसकट आत घेतलं. चौथे हवालदार स्वतःच आले.

हवालदार शाळेच्या शेजारच्या घरात एकटे राहायचे. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे कुठले कोणाला ठाऊक नव्हतं. पोरांच्या गोंगाटाची तक्रार घेऊन ते आठवड्यातून तीनदा यायचे. त्या दिवशी दारात ताठ उभे राहून म्हणाले, "आज आवाज का नाही?"

निकम बाईंनी हात जोडून सगळं सांगितलं.

"ऑर्डर आहे का?" हवालदारांनी विचारलं.

"आहे," सबनीस मॅडम म्हणाल्या आणि पुस्तिका दाखवली.

हवालदारांनी चपला काढून रांगेत लावल्या आणि सतरंजीवर बसले. गुडघे दुखत असावेत, पण मांडी घातली.

"चार झाले," मॅडम म्हणाल्या आणि निकम बाईंकडे बघितलं. निकम बाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, साडीचा पदर खोचला आणि तातोबांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"बालकांना नावानं, एकेरी हाक मारायची," मॅडमनी मला बजावलं. "काका, बाई, भाई चालणार नाही."

"तुमचं नाव काय?" मी हवालदारांना विचारलं. चार वर्षं शाळेच्या शेजारी होते, पण मला नाव माहीत नव्हतं.

"धोंडीराम," ते म्हणाले.

तर असा पाठ सुरू झाला. परीक्षेच्या तक्त्यावर सात रकाने होते आणि प्रत्येकापुढे गुण. स्वागत झालं, नखं झाली, मग बडबडगीत. मी रात्रभर बसून एक गाणं रचलं होतं, बेडकाचं. ढब्बू बेडूक डबक्यात बसला, उडी मारताना चष्मा फसला. चार वर्षांच्या पोरांसाठी रचलेलं गाणं. मी ते हातवारे करून म्हटलं. कोंडाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. तातोबा उठून उड्या मारत होते, कोणी सांगितलं नव्हतं तरी. हवालदार कवायतीच्या आवाजात म्हणत होते, "उडी! मारताना! चष्मा! फसला!" खिडकीच्या काचा वाजल्या.

"उत्साह उत्तम," सबनीस मॅडमनी लिहून घेतलं.

मुक्त खेळाला मी लाकडी ठोकळे दिले. पाच मिनिटांत तातोबा आणि निकम बाई एकाच लाल ठोकळ्याला दोन बाजूंनी धरून बसले. चौदा वर्षं तातोबा बाईंच्या हाताखाली शिपाई होते. त्यांनी बाईंना कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"सोडा तातोबा," निकम बाई दात आवळून म्हणाल्या.

"न्हाई सोडणार. मी आधी घेतला."

"तातोबा, मी सांगतेय."

"तू कोण सांगणार? तूबी बालक, मीबी बालक."

मी मध्ये गेले. पुस्तकात होतं तसं दोघांच्या उंचीला बसले आणि म्हणाले, "दोघांना एकच ठोकळा हवाय. आता काय करायचं बरं?" निकम बाईंनीच आम्हाला शिकवलेलं वाक्य ते. त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं. तातोबांनी मात्र थोडा विचार केला आणि म्हणाले, "आज माझ्याकडं ऱ्हाऊ दे. उद्यापास्नं तिच्याकडंच हाय."

मॅडमनी वीसपैकी सोळा दिले.

मग त्यांचं पेन पाचव्या रकान्यावर थांबलं. "रडणाऱ्या बालकास शांत करणे," त्यांनी वाचलं. "पंधरा गुण." आणि सगळ्यांकडे बघत वाट पाहत बसल्या.

कोणी रडेना.

"कोणी रडल्याशिवाय मला या रकान्यात काही लिहिता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

तातोबांनी गळा काढला. तो आवाज रेडकासारखा निघाला. "हे खोटं आहे," मॅडम म्हणाल्या. गुलाबभाईंनी डोळे मिटून, आपण बदली झाल्यावर कसे रडलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला, पण त्यांना हसू फुटलं. कोंडाबाईंनी पाटीतला कांदा काढला, बुक्कीनं फोडला आणि सगळ्यांना एकेक फाक वाटली. दोन मिनिटांत पाचही जणांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. निकम बाईंच्या नाकातूनही.

"डोळ्यांतून पाणी येणं म्हणजे रडणं नव्हे," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "बालकाला कशाचं तरी दुःख झालं पाहिजे."

खोलीत कांद्याचा वास कोंडला होता. मी मनात गुणांची बेरीज करत होते आणि ती काही केल्या पास व्हायच्या पन्नासपर्यंत जात नव्हती. तेवढ्यात हवालदार म्हणाले, "आई कधी येणार?"

आवाज बारीक होता. आम्हा सगळ्यांना वाटलं, जमलं, हवालदारांनी सोंग बरं वठवलं. गुलाबभाईंनी तर मान डोलावून दाद दिली. पण हवालदार कोणाकडे बघत नव्हते. ते दाराकडे बघत होते.

"आई कधी येणार, बाई?"

मी त्यांच्यापाशी जाऊन खाली बसले. "कुठं गेलीय आई?"

"बाजाराला. इथं चिंच होती तेव्हा. ही खोली नव्हती, चिंच होती. मला बसवलं चिंचेखाली आणि म्हणाली, हलायचं नाही, आले मी. मी हललो नाही. सांज झाली तरी हललो नाही. मग एका मेंढपाळानं उचलून नेलं." ते थांबले. "तो हलवत होता तरी मी हलत नव्हतो."

मग ते रडायला लागले. खांदे गदगदत होते. मोठं माणूस रडताना तोंड झाकून घेतं, तसं त्यांनी काही केलं नाही. पोर बसतं तसे हात मांडीवर टाकून, तोंड उघडं ठेवून ते रडत होते. तातोबांच्या हातातला ठोकळा खाली पडला. निवृत्त झाल्यावर हा माणूस नात्याचं ना गोत्याचं कोणी नसलेल्या आमच्या गावात, नेमका शाळेच्या भिंतीला लागून घर घेऊन का राहिला, हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

"आई कधी येणार?"

पुस्तकातलं उत्तर मला तोंडपाठ होतं. आई लवकरच येईल, असे सांगून बालकास विश्वास द्यावा. पंधरा गुण त्या एका वाक्याला होते. मॅडम पेन धरून ते वाक्य ऐकायला थांबल्या होत्या.

मी ते वाक्य आधी एकदा वापरलं होतं. नर्सिंगला असताना आमच्या वॉर्डात सोनाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिचा लेक मुंबईला. ती रोज विचारायची, माझा लेक कधी येणार. सिस्टर म्हणाल्या, येतोय म्हणून सांगायचं, पेशंटला धीर वाटतो. मी नऊ दिवस सांगितलं, निघालाय, वाटेवर आहे, दुपारपर्यंत पोचतोय. लेकाला तर कोणी कळवलंही नव्हतं, त्याचा पत्ताच नव्हता. नवव्या दिवशी ती गेली तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून दाराकडे बघत होती. मी एप्रन खुंटीला अडकवला आणि गावाकडची गाडी धरली. सगळ्यांना वाटलं, पोरगी मरण बघून भ्याली. मी त्यांना तसं वाटू दिलं.

"धोंडी," मी म्हणाले, "आई येणार नाही."

मागे मॅडमची खुर्ची करकरली.

"ती कुठं गेली मला माहीत नाही. का गेली तेही माहीत नाही. पण तू काही चुकला नाहीस. आणि मी इथं आहे. शेवटचं मूल जाईपर्यंत बाई कधी जात नाही."

"नक्की?"

"नक्की."

हवालदार आणखी थोडा वेळ रडले. मी बाजूला बसून राहिले, रडू नको म्हणाले नाही. हळूहळू हुंदके लांबले. त्यांनी बाहीला नाक पुसलं आणि विचारलं, "डबा कधी आहे?"

"आत्ताच," मी म्हणाले.

कोंडाबाईंनी पाटीतल्या काकड्या चिरल्या, गुलाबभाईंनी आपली भाकरी सोडली आणि पाचही जणांनी पंगतीनं खाल्लं. हवालदारांनी दोनदा मागून घेतलं. मी मॅडमच्या तक्त्यावर चोरून नजर टाकली. पाचव्या रकान्यात शून्य होतं.

"मॅडम, पण रडणं थांबलं," मी हळूच म्हणाले.

"थांबलं," त्या म्हणाल्या. "मी बघितलं. पण वाक्य पुस्तकात नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचे अठ्ठेचाळीस झाले. एक रकाना उरलाय. बालक पालकाच्या ताब्यात देणे, दहा गुण. पालकानं सही केल्याशिवाय एकही बालक बाहेर जाणार नाही."

कोणालाही न सोडता आम्ही खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांकडे निरोप धाडले. दीड वाजल्यापासून पालक यायला लागले. तातोबांची बायको कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि नवऱ्याला सतरंजीवर बसलेला बघून म्हणाली, "काय गुन्हा केला ह्यांनी?" गुलाबभाईंची मोठी मुलगी आली. तिनं काही विचारलं नाही, सही केली आणि बापाला सायकलपर्यंत हाताला धरून नेलं. कोंडाबाईंची सून आली. निकम बाईंना न्यायला त्यांच्या सासूबाई आल्या. प्रत्येक पालकाला दिवसाचा अहवाल द्यायचा नियम होता, म्हणून मी सांगितलं, "आज तिनं दुसऱ्याच्या हातातला ठोकळा ओढला."

"घरी तरी काय दुसरं करती?" सासूबाई म्हणाल्या आणि अंगठा उठवला.

राहिले हवालदार.

दोन वाजले, अडीच वाजले. हवालदार पाठ ताठ करून सतरंजीच्या मधोमध बसले होते. मी त्यांच्यासमोर आणि मॅडम खुर्चीत. तीनची कोल्हापूर गाडी हॉर्न देत शाळेवरून गेली. मॅडमनी ती जाताना बघितली आणि थर्मासमधलं शेवटचं पाणी प्याल्या.

ज्यांना पालक घेऊन गेले होते ते आता पुन्हा मोठे झाले होते आणि अंगणात येऊन बसले होते. कोंडाबाईंना राहवलं नाही. त्या दारात आल्या.

"अगं पोरी, किती वेळ बसवतीस त्यांला? आण ती वही. मावशी म्हणून मी करती सही."

"मी मामा म्हणून करतो," गुलाबभाई म्हणाले. "आपल्याला कोण विचारणार हाय?"

मी मॅडमकडे बघितलं.

"नात्याचा पुरावा नियमात मागितलेला नाही," त्या म्हणाल्या. त्या फार दमल्या होत्या. "मला हरकत घेता येणार नाही, शेवाळे."

वही माझ्या मांडीवर होती. एक सही, दहा गुण, जूनपासून अंगणवाडी. निकम बाई खिडकीतून खुणा करत होत्या, घे, घे.

"धोंडी," मी विचारलं, "हे तुझे मामा आहेत?"

हवालदारांनी गुलाबभाईंना नीट निरखून बघितलं. "नाही."

"आणि ही मावशी?"

"नाही. ह्या भाजीवाल्या आहेत."

"मग नाही," मी म्हणाले आणि वही मिटली. "ओळख नसलेल्या माणसाकडे मूल द्यायचं नसतं."

"खुळी हाय काय ही!" निकम बाईंचा आवाज अंगणातून आला. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

आणखी अर्धा तास गेला असेल. हवालदारांनी करंगळी वर केली.

"नैसर्गिक विधीला नाही म्हणता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

ते मागच्या दारानं गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी तातोबांना बघायला धाडलं. ते धावत आले.

"धोंडीराम न्हाई तिथं! भितीवर पायाची खूण हाय. भीत चढून गेलं!"

सगळा मूर्खपणा मला ठाऊक होता. सहासष्ट वर्षांचा माणूस आपल्या घराच्या भिंतीवरून आपल्याच परसात उतरला होता. तरी माझ्या मनात एकच आलं, मूल हरवलं, माझ्या हातून मूल हरवलं. मी पायात चपला न घालता दाराकडे धावले आणि तेवढ्यात पुढच्या दारावर कोणीतरी तीनदा टकटक केलं.

दार उघडलं. हवालदार उभे होते. दाढी केलेली, तेल लावून केस बसवलेले, अंगात इस्त्रीचा फौजी गणवेश, छातीवर पदकं, डोक्यावर टोपी. त्यांनी दारातूनच आत, मोकळ्या सतरंजीकडे बघितलं.

"बाई, धोंडीराम इथंच असतो ना?"

अंगणात बसलेले सगळे उठून उभे राहिले.

"हो. इथंच असतो."

"मी त्याला न्यायला आलोय. उशीर झाला."

मी वळून मॅडमकडे बघितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, पण पुस्तिका उघडली नव्हती.

"तो तुम्हाला ओळखतो का?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

हवालदारांनी विचार केला. "आजपर्यंत फारसा नाही," ते म्हणाले. "ओळखेल."

मी वही उघडली. "आज मधे थोडा रडला," मी सांगितलं. "पण मग शांत झाला. डबा संपवला. गाणं चांगलं म्हटलं, जरा मोठ्यानं म्हणतो. इतर मुलांनी टाकलेले ठोकळे न सांगता गोळा केले."

"त्रास नाही ना दिला कोणाला?"

"काही नाही. घरी गेल्यावर रडण्यावरून त्याला बोलू नका."

"नाही बोलणार," हवालदार म्हणाले. त्यांनी सही केली. शेजारी नात्याचा रकाना होता. तिथं त्यांचं पेन अडलं. त्यांनी मॅडमकडे बघितलं. "इथं काय लिहायचं असतं?"

त्या दिवशी पहिल्यांदा सबनीस मॅडमना नियम आठवला नाही. "तुम्हाला काय वाटतं ते," त्या म्हणाल्या.

हवालदारांनी वळणदार अक्षरात लिहिलं, घरचाच.

मॅडमनी सातव्या रकान्यात दहा टाकले, बेरीज केली, अठ्ठावन्न. खाली सही करून तक्ता माझ्या हातात दिला आणि उद्या सकाळच्या गाडीपर्यंत तुमच्याकडे राहता येईल का, असं विचारलं. मी हो म्हणाले. जूनमध्ये मी अंगणवाडीवर रुजू झाले ती एकतीस वर्षांनी निवृत्त होईपर्यंत तिथंच होते. पण तेव्हा हे काही मनात नव्हतं. मी दारात उभी राहून हवालदारांना जाताना बघत होते.

त्यांचं घर उजवीकडे होतं. ते डावीकडे, पेठेच्या बाजूला वळले. एरवी ढांगा टाकत चालणारा माणूस, पण त्या दिवशी ते लहान लहान पावलं टाकत, रस्त्याच्या कडेकडेनं चालले होते. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. हवालदार थांबले. उजवा हात बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, आडवा धरला, ट्रॅक्टर पुरता निघून जाऊ दिला, आणि मग दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला.